माल कुठे थांबवायचा?

वाचकांचे प्रश्न, डिस्पॅचवालीची उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच विषयावर आहेत: गाडीभाडं कसं कमी करू? भाड्यावर मी सगळ्यात शेवटी बोलते. आधी माल कुठे थांबलाय आणि का थांबलाय ते बघते. सोलापुरात टॉवेल कारखान्याच्या डिस्पॅच टेबलावर माझी हयात गेली. गठ्ठे तेलुगूत मोजले, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) मराठीत लिहिली, ड्रायव्हरांशी हिंदीत आणि गरज पडली तर कन्नडात भांडले. त्यामुळे उत्तरं थोडी फटकळ वाटली तर चालवून घ्या.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे माग आहेत. टॉवेल जास्त, चादरी थोड्या. पुणे, नागपूर, हैदराबाद आणि बेंगळुरू इथे घाऊक पार्ट्या आहेत. हैदराबादच्या पार्टीला माल मिळायला आठ-आठ दिवस लागतात, तिची रोज तक्रार. मुलगा म्हणतो, चारही ठिकाणी गोडाऊन घेऊन टाकू. माझं मन धजत नाही. काय करावं? — एक यंत्रमागधारक

मालक, मुलाची नजर बरोबर आहे, त्याला गिऱ्हाईक दिसतंय. पण गोडाऊन बघायला जाण्याआधी दोघं मिळून एक रविवार द्या. गेल्या वर्षाचं जावक रजिस्टर काढा आणि प्रत्येक ऑर्डरीपुढे चार तारखा मांडा. ऑर्डर आली कधी, माल पॅक झाला कधी, गाडी सुटली कधी, पार्टीच्या दारात उतरला कधी.

सोलापूर-हैदराबाद अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी सुटलेली गाडी सकाळी तिकडे. मग उरलेले सात दिवस गेले कुठे? तुमचं रजिस्टर न बघता सांगते, कारण बहुतेक कारखान्यांत हे असंच चालतं. सोमवारी व्हॉट्सअॅपवर ऑर्डर येते, सहा रंगांची. चार रंग तयार, मरून आणि बॉटल ग्रीन अजून मागावर. त्या दोघांसाठी चौघं थांबतात. बुधवारी टॉवेल मागावरून उतरतात, तर शिलाईच्या बायका दुसऱ्या पार्टीच्या नॅपकिनवर बसलेल्या. गुरुवारी गठ्ठे बांधून होतात. शुक्रवारी छोटा हत्ती टेम्पो ते ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टाकून येतो. माल पार्ट लोडचा, म्हणजे गाडीभर नसलेला, म्हणून गाडी भरेपर्यंत गठ्ठे कोपऱ्यात. शनिवारी रात्री गाडी हलते, रविवारी तिकडचं गोडाऊन बंद, सोमवारी डिलिव्हरी. या आठ दिवसांत रस्त्यावरची रात्र एक. म्हणजे मूळ दुखणं तसंच ठेवून हैदराबादला गोडाऊन घेतलंत, तर तिकडचं गोडाऊन भरायलाही हेच आठ दिवस लागणार.

पहिला उपाय फुकटचा आहे. गाडीचे वार ठरवा. हैदराबाद मंगळवार आणि शुक्रवार, पुणे रोज, बेंगळुरू गुरुवार, असं काहीतरी. पार्टीला ते वार कळवा आणि ऑर्डर आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत मागा. वार ठरला की शिलाईवालीलाही कळतं आज कुणाचं काम आधी, आणि ट्रान्सपोर्टवालाही जागा राखून ठेवतो. तुमच्या एकट्याच्या मालाने गाडी भरत नसेल तर शेजारचे दोन-तीन कारखानदार धरा. टॉवेलची गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते, म्हणून तिघांच्या गठ्ठ्यांत आयशर सहज होते. मग ती थेट सुटते, मधल्या गोडाऊनची उतराई-चढाई आणि दुहेरी वाराई (हमाली) दोन्ही वाचतात. एमआयडीसीत एकमेकांना पार्टीची नावं कळतील म्हणून लोक हे करत नाहीत. अहो, पार्टीची नावं सगळ्यांना माहीतच असतात!

आता साठ्याचं बघू. चार शहरांत माल वाटून ठेवलात की काय होतं? लव्हेंडर टॉवेल नागपुरात पडून राहतो आणि बेंगळुरूवाला नेमका तोच मागतो. एका गावची मागणी अचानक वाढते त्याच आठवड्यात दुसऱ्या गावची घटते. माल एके ठिकाणी असला तर ही वजाबाकी आपोआप होते. याचं गणितही आहे. चार गावांच्या मागणीची चढउतार साधारण सारखी आणि एकमेकांशी संबंध नसलेली असेल, तर चार गोडाऊनांत मिळून जेवढा ऐनवेळचा राखीव साठा लागतो, त्याच्या निम्म्यात एका गोडाऊनचं काम भागतं. चारचं वर्गमूळ दोन, म्हणून निम्मा. नऊ गोडाऊनांचं एक केलंत तर एकतृतीयांश. पण हे डोळे झाकून वापरू नका. दिवाळी आणि लग्नसराईत चारही गावं एकदमच मागतात, थंडीत चादरींचं तेच. तेव्हा एकाची घट दुसऱ्याच्या वाढीला उपयोगी पडत नाही, आणि माल आधी करून ठेवण्याला पर्याय नसतो.

पैशाचं सोपं आहे. चार ठिकाणी मिळून दहा लाखांचा जादा माल अडकला आणि बँकेचं व्याज बारा टक्के धरलं, तर महिन्याला दहा हजार नुसतं व्याज. गोडाऊनचं भाडं, माणूस, उंदीर आणि पावसाळ्याची ओल वेगळी.

शिवाय कराची भानगड. पूर्वी मोठ्या कंपन्या राज्याराज्यांत गोडाऊनं ठेवत, ती केवळ गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नव्हे. परराज्यात थेट विकलं तर दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा आणि घेणाऱ्याला तो वळता, म्हणजे स्वतःच्या करातून वजा करून, मिळत नसे; स्वतःच्याच गोडाऊनला पाठवलं तर तो लागत नसे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते कारण संपलं. आता तेलंगणात माल ठेवून विकायचा तर तिथली वेगळी नोंदणी लागते. तुमच्याच एका नोंदणीवरून दुसरीवर माल पाठवला तरी आयजीएसटी (परराज्यात जाणाऱ्या मालावरचा जीएसटी) भरावा लागतो. तो पुढे वळता होतो हे खरं, पण माल विकेपर्यंत पैसा अडकून बसतो. पुणे आणि नागपूर आपल्याच राज्यात, तिथलं गोडाऊन त्याच नोंदणीत जादा जागा म्हणून दाखवता येतं. म्हणून घ्यायचंच झालं तर हिशेबाला राज्यातलं सोपं. आणि त्यातही पुणे कशाला? पुणे अडीचशे किलोमीटर, एका रात्रीचं काम. विचार करायचाच तर नागपूर, कारण ते खरंच लांब आहे.

गोडाऊन कधी घ्यावं तेही सांगते. एखाद्या शहरात हॉटेलं किंवा हॉस्पिटलं तुमचे ठरावीक तीन-चार नग, बहुतेक पांढरेच, महिनाभर सारखे उचलत असतील आणि 'आज सांगितलं की आज पाहिजे' म्हणत असतील, तर तेवढेच नग तिथे ठेवा. पूर्ण शेड घेऊ नका, गठ्ठ्यामागे भाडं घेणाऱ्या गोडाऊनवाल्याकडे ठेवा. रंगीबेरंगी, डिझाइनचा, कधीतरी खपणारा माल सोलापूर सोडून हलता कामा नये.

तोही सोलापुरात कोणत्या अवस्थेत थांबवायचा, हा पुढचा प्रश्न. चादरीत सूत आधी रंगवून मग विणतात, तिथे हात बांधलेले आहेत. पण विणून रंगवायचा टॉवेल कोरा ठेवता येतो आणि ऑर्डर बघून रंगवता येतो. सूत रंगवून केलेल्या टॉवेलातही पार्टीचं लेबल, पिशवी आणि सहाचा की बाराचा पॅक हे शेवटच्या दिवसापर्यंत लांबवता येतं. पार्टीचं लेबल शिवलं की तो टॉवेल त्या पार्टीचा झाला, दुसऱ्याला देता येत नाही. कितीतरी कारखान्यांत पडलेला माल हा नुसता चुकीच्या लेबलाचा माल असतो.

अजून एक. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि त्यात रस्ते लिहा. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांमुळे तो रस्ता गाड्यांना बंद होतो, आणि ते दिवस नेमके दिवाळीच्या मालाचे. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या बाजूची वाहतूक वळवतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, कामगार सुट्टीवर. त्याच सुमाराला मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात असते, रिकाम्या गाड्या तिकडे वळतात आणि भाडं चढतं. यातलं काहीही अचानक येत नाही.

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचा बचत गट आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतो. फोनवर पुण्या-मुंबईच्या, बेंगळुरूच्या ऑर्डरी येतात. दोन किलो भाकरीच्या खोक्याला कुरिअरवाला पाच किलोच्या वरचे पैसे लावतो. वर भाकरी मोडून जातात. आम्हाला फसवतोय का? — गटाच्या अध्यक्ष

ताई, फसवत नाहीये. तो जागेचे पैसे घेतोय. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक कुरिअरवाले त्याला पाच हजाराने भागतात. आलेला आकडा म्हणजे आकारमानाचं वजन. काट्यावरचं वजन आणि हे, दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे. तुमचं खोकं तीस बाय तीस बाय तीस धरा. सत्तावीस हजार भागिले पाच हजार, ५.४ किलो. आत भाकरी दोन किलो. म्हणजे तीन किलोच्या वर हवा तुम्ही पैसे देऊन बेंगळुरूला पाठवताय.

तुमच्याच घरात यावरचा इलाज आहे. भाकरी हलकी आणि फुगीर, चटणी जड आणि मावणारी. दोन्ही एका खोक्यात घाला. दोन किलो भाकरी आणि अडीच किलो चटणी, वर पुठ्ठा-पॅकिंग धरून पाच किलोच्या आसपास. पैसे तेच ५.४ चे. चटणीचं भाडं फुकटात बसलं. म्हणून नुसत्या भाकरीची ऑर्डर आली की फोनवरच सांगा, "चटणी घेतली तर तिचं कुरिअर लागणार नाही." कंपन्या याला ऑफर म्हणतात, इथे ती खरी आहे.

मोडण्याचं कारण मधली मोकळी जागा. भाकरी आडव्या, एकावर एक घट्ट, खोक्याच्या मापाच्या असाव्यात. खोकं कानाशी हलवून बघा, आवाज आला तर भाकरी मोडणार. खोक्यावर बाण काढून 'ही बाजू वर' लिहिता ना? त्याच्याकडे कुणी बघत नाही. खोकं प्रवासात उलटं होणारच असं धरून चाला. त्यासाठी चटणीची पाकिटं वेगळ्या छोट्या खोक्यात, ते मोठ्या खोक्यात तळाशी, आणि दोन्हींमध्ये जाड पुठ्ठा अगदी कडेला भिडेल असा. चटणीला तेल सुटतं, म्हणून पाकिटावर पाकीट. एकदा तेल पुठ्ठ्यात मुरलं की खोकं मऊ पडतं आणि मग भाकरीही गेली.

पुण्याच्या ऑर्डरी एकेक का पाठवता? आठवड्यातले दोन वार धरा, त्या दिवशीच्या सगळ्या ऑर्डरी एका मोठ्या खोक्यात पुण्याला आणि तिथे एखाद्या विश्वासू मैत्रिणीकडून दुचाकीवर वाटप. नगामागे तिला पैसे द्या, उपकारावर धंदा चालत नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून खोकं सकाळी पोचतं, हे सोलापुरात सगळेच करतात. फक्त तिथे पावती मिळत नाही आणि हरवलं तर कुणी वाली नसतो, म्हणून महागाचा माल त्यात टाकू नका. बेंगळुरू-मुंबईला कुरिअरच.

मैत्रिणीकडे पुण्यात चटणी भरून ठेवायचा मोह होईल. नको. शेंगदाण्याचं तेल खवट होतं, आणि परत आलेलं एक पाकीट दहा गिऱ्हाइकं घालवतं. शेंगा निवडून ठेवा. भाजून कुटायचं ते गाडीच्या आदल्या दिवशी. वर टॉवेलवाल्या मालकांना लिहिलंय तेच. आणि डब्यातून उचलताना आधी केलेली नव्हे, आधी मुदत संपणारी उचलायची. पाकिटावर तारीख ठळक असेल तर हे लहान मुलालाही जमतं.

प्रश्न : नागपूरला निघालेली आमची गाडी वाटेत बंद पडली. ट्रान्सपोर्टवाल्याने माल दुसऱ्या गाडीत टाकला. ई-वे बिलाचं काय? — एक दुकानदार, नवी पेठ

ई-वे बिल म्हणजे वाटेतल्या मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. तो नवीन काढायचा नाही. त्याच बिलाच्या भाग ब मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकायचा. तुम्ही टाका किंवा ट्रान्सपोर्टवाल्याने टाकावा, पण नवी गाडी हलायच्या आधी. साध्या मालाला दर दोनशे किलोमीटरला किंवा त्याच्या उरलेल्या तुकड्याला एक दिवस मुदत मिळते. मुदत संपत आली तर संपायच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवता येते. मुदत मध्यरात्री संपते, म्हणून कुणीतरी जागं राहायला हवं, आणि ते कुणी हे गाडी सुटतानाच ठरवा. ड्रायव्हर "येलालोय मॅडम, जवळच हाय" म्हणाला तर गाडी नक्की कुठे आहे ते विचारा, दुकानाचं किंवा पंपाचं नाव घ्यायला लावा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. सप्लाय चेनच्या पेपरात बुलव्हिप इफेक्ट आहे. व्याख्या पाठ झाली, डोक्यात शिरत नाही. — एक विद्यार्थिनी

बाळ, गिऱ्हाइकाची मागणी जराशी हलली की मागच्या प्रत्येक टप्प्यावरच्या ऑर्डरी आणखी जास्त हलतात, एवढंच ते आहे. आपल्या गावात युनिफॉर्म शिवणारे इतके आहेत, त्यांच्याकडेच बघ. दुकानात दरवर्षी एका शाळेचे शंभर शर्ट जातात. या जूनला एकशे दहा गेले. दुकानदाराला वाटलं मागणी वाढतेय, थोडे हाताशी असावेत, त्याने पुढच्या वर्षासाठी एकशे तीस सांगितले. घाऊकवाल्याकडे अशी चार दुकानं. त्याने प्रत्येकाचा आकडा वाढलेला बघितला आणि वर स्वतःची भर घालून कारखान्याला साडेसहाशे सांगितले. कारखानदाराला कापड गठ्ठ्यानेच मिळतं, भाव वाढायच्या आत घ्यायचं म्हणून त्याने आठशेंचं कापड उचललं. मुळात चार दुकानांत मिळून वाढले होते चाळीस शर्ट. पुढच्या जूनला विक्री परत शंभरावर आली, दुकानदाराकडे तीस पडून, तो त्याच्या पुढच्या वर्षी सत्तरच मागतो. घाऊकवाला त्याहून कमी. कारखानदार कापड घेतच नाही आणि शिलाई कामगारांना घरी बसवतो. विक्री हलली दहा टक्क्यांनी, टोकाला माणसांचा रोजगार गेला.

अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला बाळांच्या डायपरमध्ये हेच दिसलं होतं. बाळं काही महिन्यागणिक कमीजास्त होत नाहीत, दुकानातली विक्री जवळपास स्थिर. पण कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी मात्र उड्या मारत होत्या. कारणं चार लक्षात ठेव: प्रत्येक जण खालच्याच्या विक्रीऐवजी त्याच्या ऑर्डरीवर अंदाज बांधतो, ऑर्डरी साठवून एकदम देतो, भाव बघून जास्त उचलतो, आणि माल कमी मिळेल या भीतीने दुप्पट मागतो. इलाजही त्यातच आहे. दुकानातून प्रत्यक्ष किती शर्ट गेले तो आकडा कारखानदारापर्यंत पोचला पाहिजे. मधल्याने लपवला तर बाकी सगळं सॉफ्टवेअर वाया. परीक्षेत डायपरचं लिही, तोंडी परीक्षेत युनिफॉर्मचं सांग.

प्रश्न : आम्ही सांगोल्याकडचे डाळिंबवाले. किसान रेल्वेने माल पाठवला होता तेव्हा बरं पडलं. आता पुन्हा रेल्वेने पाठवायचा गटाचा विचार आहे. परवडेल का? — एक शेतकरी

दादा, तेव्हाचा हिशेब आधी नीट मांडू. पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला गेली. शंभरावी २८ डिसेंबर २०२० ला तुमच्याच सांगोल्याहून पश्चिम बंगालच्या शालिमारला. त्या काळात फळं-भाजीपाल्याच्या भाड्यावर निम्मं अनुदान मिळत होतं. तुम्हाला आठवतंय ते भाडं त्या निम्म्यातलं आहे. आता पूर्ण भाडं धरून हिशेब करा, आणि तोही फक्त रेल्वेच्या पावतीचा नको. बागेतून स्टेशनपर्यंत पिकअप, डब्यात चढवणावळ, तिकडे उतरवणावळ, स्टेशनपासून मंडईपर्यंतचा टेम्पो, आणि प्रत्येक हाताळणीत फुटलेले क्रेट. ट्रक बागेतून उचलतो आणि मंडईत उतरवतो, त्याचं भाडं जास्त दिसतं पण त्यात या सगळ्याचे पैसे आलेले असतात. माझ्या मते हजार किलोमीटरच्या आत ट्रकच. बंगाल-बिहारला रेल्वेचा विचार जरूर करा.

खरी अडचण भाड्याची नाहीच. पार्सलचा मोठा डबा घेतला तर त्यात तेवीस टन माल मावतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला तेवीस टन डाळिंब फलाटावर हजर पाहिजे. एकोणीस आलं तरी भाडं डब्याचंच. एका बागेतून एका दिवशी एवढं निघत नाही. म्हणजे गाडीचं नियोजन तोडणीपासून, आणि तोडणीचं बहारापासून, म्हणजे बाग फुलोऱ्यावर आणण्यापासून, सुरू होतं. गटातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात ताण देऊन (पाणी तोडून) पानगळ केली तर माल एकदम येतो, बाजार पडतो, आणि महिन्याभराने डबा भरायला काही नसतं. दर दहा दिवसांनी कुणाची बाग धरायची हे गटाच्या बैठकीत ठरवता आलं, तर डबा आठवड्याला भरेल आणि व्यापाऱ्यालाही तुमच्यावर विसंबता येईल. याला गावकी आड येते, ते मला माहीत आहे. पण तेवीस टनांचं कोडं तिथेच सुटतं.

डाळिंबाची एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. द्राक्ष-केळ्यासारखं ते घाई करत नाही. पाच अंशांच्या आसपास थंड आणि दमट ठेवलं तर काही आठवडे छान टिकतं. त्यामुळे माल थांबवायचाच तर तो झाडावर जास्त पिकवून किंवा फलाटावर उन्हात नव्हे, गटाच्या शीतगृहात थांबवा. तोडणी पहाटे, प्रतवारी सावलीत, आणि थंड करूनच डब्यात. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे काढणीनंतरच्या हाताळणीचं विचारून या, इतक्या जवळ असून लोक जात नाहीत.

प्रश्न : आमचे टॉवेल युरोपात जातात. वीस फुटी कंटेनर घ्यावा की चाळीस फुटी? आणि बोट चुकली की पार्टी आमच्यावरच का चिडते? — एक निर्यातदार, चिंचोळी एमआयडीसी

वीस फुटीत आतली जागा साधारण ३३ घनमीटर, चाळीस फुटी उंच कंटेनरात ७६. दुपटीहून जास्त जागा, आणि भाडं सहसा दुप्पट नसतं. लोखंड पाठवणाऱ्याची वीस फुटी वजनाने संपते. तुमचा टॉवेल हलका, तुमची जागा संपते. म्हणून ऑर्डर पुरेशी असेल तर चाळीस फुटी उंच. कार्टनचं माप मात्र कंटेनरच्या आतल्या मापावरून ठरवा, टॉवेलच्या घडीवरून नाही. घडी दोन सेंटिमीटर बदलली की कधीकधी रुंदीला कार्टनची एक रांग जास्त बसते.

बोटीचं म्हणाल तर तुमच्या हातात फक्त सोलापूर ते न्हावाशेवा एवढंच आहे. बंदरात कंटेनर घ्यायची शेवटची वेळ चुकली की तो पुढच्या बोटीवर, म्हणजे बहुधा आठवडाभर मागे. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. एफओबीवर (बोटीचं भाडं घेणाऱ्याने भरायच्या अटीवर) विकणाऱ्यांचं भाडं वाढलं नाही, पण ज्यांचे पैसे माल पोचल्यावर मिळायचे होते त्यांचे तितके दिवस अडकले. म्हणून करारात पैसे बिल ऑफ लेडिंगच्या (जहाज कंपनीच्या माल घेतल्याच्या पावतीच्या) तारखेपासून मोजायचे की माल पोचल्यापासून, हे भावाइतकंच घासून घ्या.

कंटेनर कारखान्यातच भरत असाल तर पुण्याचा वळसा आणि बोर घाटातला खोळंबा धरून एक पूर्ण दिवस हातचा ठेवा. शनिवारी दुपारची शेवटची वेळ असेल तर गाडी गुरुवारी रात्री चिंचोळीतून सुटलेली हवी. सील लावल्यावर सील नंबर आणि कंटेनर नंबर एकाच फोटोत दिसतील असा फोटो काढा आणि गेटमधून गाडी बाहेर पडायच्या आत तो एजंटला पाठवा. शिपिंग बिलात (कस्टमच्या निर्यात कागदात) नंबराचा एक आकडा चुकला असेल तर तो दुरुस्त करायला टेंभुर्णीच्या आत वेळ असतो, बंदराच्या दारात नसतो.